थायरॉईड कमी आणि पायाला मुंग्या: दोन्हींचा खरंच संबंध आहे का?

खामला_चौक
नमस्कार मंडळी. आईसाठी विचारून राहिली आहे. आईचं वय ५८. गेल्या थंडीपासून दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येतात, तळव्यांची आग होते. आता मुंग्या घोट्यापर्यंत आल्या आहेत. उजव्या हाताचं वेगळंच चाललंय. मध्यरात्री हात बधिर होऊन जाग येते, जोरात झटकला की जरा बरं वाटतं. स्कूटी चालवतानाही ॲक्सिलरेटर धरला की हात मरून जातो म्हणते.

सोबत थकवा, बद्धकोष्ठ, चेहरा सुजलेला, आवाज जड झालाय. रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो म्हणे) ४८, फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, कमी, अँटी-टीपीओ, म्हणजे ग्रंथीविरुद्धच्या अँटीबॉडीज, पॉझिटिव्ह. थायरॉईडची गोळी सुरू झाली. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले की मुंग्याही थायरॉईडच्याच, हळूहळू जातील. पण घरात सगळ्यांचं म्हणणं, थायरॉईडनं वजन वाढतं, केस गळतात, नसांशी त्याचं काय? मामा म्हणतो साखरच असेल. मावशी म्हणते मणका.

खरंच थायरॉईडनं नसांवर परिणाम होतो का? गोळीनं मुंग्या जातात का? आणि नागपुरात धंतोलीत न्यूरोलॉजिस्टला आत्ताच दाखवू की थांबू?

कॉटनमार्केट
ताई, काळजी नका करू. रात्री धने भिजवा, सकाळी उकळून उपाशीपोटी पाणी प्यायला द्या. आमच्याकडे दोघींना फरक पडला.

इतवारी
मुंग्या म्हटलं की आधी बी१२ व्हिटॅमिन. आपल्याकडच्या शाकाहारी घरात दुसरं काही शोधायच्या आधी ते बघा. थायरॉईडचं नाव उगाच पुढे आलंय असं माझं मत.

नस_आणि_नाडी
मी फिजिशियन आहे, शिक्षण आपल्या नागपूरच्या सरकारी मेडिकललाच झालं. इथे बसून निदान करता येत नाही, पण प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

होय, संबंध आहे. पण तुमच्या आईच्या हाताची आणि पायाची गोष्ट एक नाही, ती वेगवेगळी समजून घ्या.

आधी हात. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्या मधून एक अरुंद बोगदा जातो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ शिरा, म्हणजे स्नायूंचे दोर, आणि मीडियन नावाची नस जाते. थायरॉईडचं हार्मोन कमी झालं की ऊतींमध्ये पाणी धरून ठेवणारे चिकट पदार्थ साठतात. चेहरा सुजतो, आवाज घोगरा होतो तोही त्यामुळेच. मनगटातल्या बोगद्यातही हेच होतं. गांधीबागेतल्या गल्लीत दोन्ही बाजूंनी दुकानांचा माल बाहेर आला की मधल्या माणसाची जी गत होते, ती त्या नसेची होते. यालाच कार्पल टनेल म्हणतात. झोपेत मनगट वाकतं, बोगदा आणखी आवळतो, म्हणून रात्री जाग येते.

आईला विचारा की करंगळीला मुंग्या येतात का. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू, एवढंच बधिर होत असेल आणि करंगळी ठणठणीत असेल तर मीडियन नस जवळपास नक्की.

आता पाय. तिथे दाब नाही, नसेच्या आतलीच अडचण आहे. नसेची पेशी पाठीच्या कण्याजवळ आणि तिचा धागा थेट पायाच्या बोटापर्यंत, म्हणजे मीटरभर लांब. इतक्या लांब प्रथिनं पोहोचवायला, सोडियम-पोटॅशियमचे पंप चालू ठेवायला, सतत ऊर्जा लागते. थायरॉईडचं हार्मोन त्या ऊर्जेचा वेग ठरवतं. ते बराच काळ कमी राहिलं की सगळ्यात लांबचे धागे आधी थकतात. म्हणून सुरुवात बोटांपासून, दोन्ही पायांना सारखी, आणि मोजा चढवावा तशी वर.

पण इतवारी यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. हातातलं कार्पल टनेल थायरॉईडमध्ये नेहमीचं. पायातली न्यूरोपॅथी, म्हणजे नसांचा बिघाड, त्यामानानं कमी दिसते. तेव्हा टीएसएच वाढलेला सापडला म्हणून तपास तिथेच थांबवू नका. साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बी१२, किडनी, हे सगळं बघून घ्या.

खामला_चौक
डॉक्टरसाहेब, खूप आभार. आईला आत्ताच विचारलं. करंगळीला काहीच होत नाही! अनामिकेचं विचारलं तर तिनं बोटाच्या मधोमध रेघ ओढून दाखवली, इकडे बधिर, तिकडे नाही.

शिलाई
हे वाचून अंगावर काटा आला, तंतोतंत माझं. महालात ब्लाउज शिवते. कात्री धरली की अंगठा साथ सोडायचा, सुई ओवताना दोरा बोटात आहे की नाही कळायचं नाही. सगळे म्हणाले मशीनचं काम, सोडून दे. मग एका डॉक्टरीणबाईंनी गळ्याला हात लावून पाहिला आणि थायरॉईड तपासायला लावलं. गोळी चालू झाल्यावर आधी सूज गेली, मग थकवा, आणि हात सगळ्यात शेवटी. पण गेलं. ऑपरेशन लागलं नाही. खामलावाली ताई, धीर धरा.

पट्टी_आणि_व्यायाम
मी फिजिओथेरपिस्ट. शिलाईताईंचं बरं झालं याचा आनंदच आहे, पण "धीर धरा" सगळ्यांना सांगता येत नाही. अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो तो दोन्ही हातांचा शेजारी ठेवून बघा. दुखऱ्या हाताचा उंचवटा चपटा झाला असेल, कुलरमध्ये पाणी टाकायची बादली हातातून सुटत असेल, शर्टाची बटणं लागत नसतील, तर नस आता स्नायूला पुरेसा संदेश देत नाहीये. तिथे गोळीच्या भरवशावर महिनोन्महिने बसू नये. मनगटातला पट्टा मोकळा करायचं ऑपरेशन छोटं आहे, बहुतेक वेळा हाताला भूल देऊनच होतं. वेळ गेली की ऑपरेशननंतरही स्नायू पूर्वीसारखा भरत नाही.

उंचवटा शाबूत असेल तर रात्री मनगटाची पट्टी बांधा. आत सरळ ठेवणारी पातळ प्लेट हवी, नुसतं इलॅस्टिक नको. मनगट वाकलेलं नको, मागे ताणलेलंही नको, सरळ रेषेत.

वैनगंगा
इतवारींना माझा पाठिंबा. आमच्या सासूबाईंचं सांगते, भंडाऱ्याहून नागपुरात आणलं होतं. टीएसएच ९ होता, टी-फोर अगदी नॉर्मल. एका मोठ्या दवाखान्यात सगळा दोष थायरॉईडवर टाकला आणि डोस वाढवत राहिले. पायाच्या मुंग्या तर गेल्याच नाहीत, उलट छाती धडधडायला लागली, झोप उडाली. पुढे दुसरीकडे बी१२ काढलं तर तळाला गेलेलं. साखरेसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू होतं, त्यानं बी१२ कमी होतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. इंजेक्शनं सुरू केल्यावर चाल सुधारली.

नस_आणि_नाडी
वैनगंगाताई, हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं. टीएसएच जरासा वाढलेला आणि टी-फोर नॉर्मल असेल तर पायाच्या मुंग्यांसाठी दुसरं कारण शोधायलाच हवं. खामला यांच्या आईचा टीएसएच ४८ आणि टी-फोर कमी, तिथे थायरॉईडवर संशय घ्यायला जागा आहे.

डोस वाढवून मुंग्या लवकर जात नाहीत. जास्त झालेल्या गोळीनं उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं ठिसूळ होतात.

आणि एक धागा जुळतोय. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा हाशिमोटोचा आजार, शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. अशा रुग्णांपैकी काहींच्या जठरावरही तसाच हल्ला होतो आणि बी१२ शोषलं जात नाही. म्हणजे थायरॉईड की बी१२ हा वाद घालताना दोन्ही एकाच माणसात असू शकतात हे विसरू नका.

इतवारी
हे माहीत नव्हतं. मग माझं वाक्य असं करतो: थायरॉईड असेल तरी बी१२ बघाच.

रामटेककर
आमच्या लहानपणी गावाकडे लाखोळीची डाळ खाऊन लोकांचे पाय जायचे. काठी घेऊन, गुडघे एकमेकांना घासत चालणारी माणसं मी पाहिली आहेत. हा त्यातलाच प्रकार आहे का?

नस_आणि_नाडी
नाही काका. लाखोळीतल्या विषानं पाठीच्या कण्यातले, म्हणजे मज्जारज्जूतले मार्ग बिघडतात. पाय ताठ होतात, पण स्पर्श शाबूत राहतो, मुंग्या-बधिरपणा हे मुख्य लक्षण नसतं. इथे चर्चा कण्याबाहेरच्या नसांची आहे, त्यात स्पर्श आधी जातो.

विदर्भाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. पूर्व विदर्भात कुष्ठरोग संपलेला नाही, आणि तो नसांचाच आजार आहे. वरोऱ्याचं आनंदवन आपल्याला सगळ्यांना माहीत, पण स्वतःच्या घरात ती शक्यता कोणी मनात आणत नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यावर स्पर्श कळत नाही, करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट बधिर, कोपराच्या आतल्या बाजूला नस दोरीसारखी जाड लागते, असं काही असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. औषध मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. लवकर गाठला तर हातपाय वाकडे होत नाहीत. लाज वाटून घरी बसणं हे त्यातलं सगळ्यात मोठं नुकसान.

रामटेककर
बरोबर बोललात. आमच्या भागात अजून लपवतात.

गोरेवाडा
एनसीव्ही, म्हणजे नसांचा वेग मोजणाऱ्या तपासणीला आई घाबरत असेल तर सांगा, भीतीसारखं काही नाही. हातापायावर पट्ट्या लावून विजेचे छोटे झटके देतात आणि संदेश किती वेगानं पोहोचतो ते मोजतात. टिचकी मारल्यासारखं वाटतं. दुसऱ्या भागात स्नायूत बारीक सुई घालतात, ती जरा टोचते. माझी तपासणी डिसेंबरात होती, हात गार पडले होते तर तंत्रज्ञ बाईंनी आधी कोमट पाण्यात धरायला लावले. अंग थंड असलं की नसेचा वेग खोटाच कमी दिसतो म्हणे.

नस_आणि_नाडी
बरोबर. आणि एनसीव्ही नॉर्मल आली म्हणजे रुग्ण खोटं बोलतोय असं नाही. ही तपासणी जाड नसांची. आग होणं, सुया टोचणं हे अगदी बारीक नसांचं काम, त्या यात दिसत नाहीत.

डॉक्टर हातोडीनं टाचेमागे ठोकून बघतात तेही लक्ष देऊन पाहा. थायरॉईड कमी असलं की पाऊल झटकन उडतं पण जागेवर परत येताना रेंगाळतं. ते नसेमुळे नाही, स्नायू सैल व्हायला वेळ घेतो म्हणून. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या वोल्टमन यांच्या नावानं ही खूण ओळखली जाते.

बर्डी
आपल्या नागपूरच्या मेयो हॉस्पिटलात एवढं मोठं काम झालं आणि आपल्याला पत्ता नाही!

नस_आणि_नाडी
रोचेस्टरचं मेयो हो, सेंट्रल अव्हेन्यूवरचं नाही! पण त्या अमेरिकेतल्या मेयोतच एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, वेगळं काढलं. त्याआधी १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईला बरं केलं होतं, ती पुढे २८ वर्षं जगली. आज तेच काम एक छोटी गोळी करते.

लॅबवाला
पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, दोन गोष्टी सांगतो.

केस गळतात म्हणून बायका बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतात. मुंग्यांसाठी लिहून दिलेल्या कित्येक कॅप्सूलमध्येही बायोटिन असतं. काही मशीनच्या पद्धतीत त्यानं टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसतो. मग रिपोर्ट बघून चांगला चाललेला डोस कमी केला जातो. तपासणीआधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबला सांगा. त्या कॅप्सूलमध्ये बी६ किती आहे तेही वाचा. बी६ जास्त प्रमाणात दीर्घकाळ घेतलं तर त्यानंच मुंग्या येतात.

दुसरं, ज्या सकाळी रक्त द्यायचं त्या दिवशीची थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावर घ्या.

कॉटनमार्केट
माझ्या धन्याच्या पाण्याबद्दल कोणीच काही बोललं नाही.

शिलाई
भाऊ, मीच बोलते. धन्याचं पाणी प्या, उन्हाळ्यात बरंही वाटतं. पण माझ्या जाऊबाईंनी त्याच्या भरवशावर गोळी बंद केली आणि पुन्हा चेहरा सुजून आली. ग्रंथीच हार्मोन बनवत नसेल तर ते बाहेरूनच द्यावं लागणार. अश्वगंधाही स्वतःच्या मनानं घेऊ नका, त्यानं हार्मोनची पातळी वर जाते.

कॉटनमार्केट
गोळी बंद करा असं मी म्हणत नाही. सोबत घ्यायला काय हरकत?

नस_आणि_नाडी
सोबत म्हणजे गोळीच्या वेळेला नाही, एवढं पाळा. गोळी फक्त साध्या पाण्यासोबत, आणि पुढे अर्धा ते एक तास काही नाही.

बर्डी
खरी अडचण तिथेच आहे. नागपूरचा माणूस डोळे उघडले की चहा, आणि रविवारी तर्री-पोहा. आमच्या बाबांचा डोस वाढत वाढत चालला होता. शेवटी कळलं की गोळी चहासोबत आणि कॅल्शियम, लोहाच्या गोळ्याही त्याच घोटात. आता गोळी उठल्याबरोबर, आणि कॅल्शियम-लोह चार तासांनी. त्याच डोसवर टीएसएच खाली आला. सोयाबीनच्या वड्यांचंही तसंच, गोळीच्या आसपास नकोत.

ज्यांना सकाळी जमत नाही त्यांना रात्री झोपताना घेता येते, जेवून तीन तास झाले असतील तर. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं.

गोरेवाडा
आणि आपला उन्हाळा? मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बाटली स्वयंपाकघरात ओट्याजवळ, नाहीतर गाडीच्या डिकीत ठेवली तर औषध टिकेल का?

लॅबवाला
ही गोळी उष्णता, ओल आणि उजेड, तिन्हींनी खराब होते. लेबलवर किती अंशाखाली ठेवायची ते लिहिलेलं असतं, ते वाचा. घरातली सगळ्यात गार, कोरडी, अंधारी जागा शोधा. महिन्याभराच्या गोळ्या प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवू नका, मूळ बाटली घट्ट बंद करून ठेवा.

वैनगंगा
उन्हाळ्यावरून आठवलं. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांना मंदिरात अनवाणी जाऊ देऊ नका. सासूबाईंना दुपारी टेकडी गणपतीला नेलं होतं. तापलेल्या फरशीवर त्या शांतपणे उभ्या होत्या, आम्हाला वाटलं सोसतंय. घरी येऊन पाहिलं तर तळव्याला फोड. पहाटे जा, किंवा जाड मोजे घाला. थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवतात तीही नको.

खामला_चौक
सगळ्यांचे आभार, एवढं मनापासून लिहिलंत. रामदासपेठेत न्यूरोलॉजिस्टना दाखवून आलो, रिपोर्टही आले. एचबीएवनसी ५.६, म्हणजे साखर नाही. किडनी ठीक. बी१२ मात्र १५२, कमी. एनसीव्हीत उजव्या मनगटात मीडियन नस मंद, आणि पायांच्या स्पर्शाच्या नसा सौम्य बाधित. अंगठ्याचा उंचवटा चांगला आहे म्हणाले, त्यामुळे ऑपरेशनची घाई नाही. पट्टी, थायरॉईडची गोळी आणि बी१२ ची इंजेक्शनं.

मामाचं आणि मावशीचं दोघांचंही चुकलं, पण इतवारींचं बरोबर निघालं! आता सांगा, पायाचं नेमकं कशामुळे, थायरॉईड की बी१२? आणि किती दिवसांत फरक दिसेल?

नस_आणि_नाडी
दोन्ही कमी असताना कोणाचा वाटा किती हे कुठलीच तपासणी वेगळं करून सांगत नाही, आणि दोन्ही भरून काढायचेच आहेत तर त्याची गरजही नाही.

काळाचं असं आहे. गोळी स्थिरावायलाच वेळ लागतो, म्हणून टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी परत बघतात, त्याआधी बघून उपयोग नाही. हाताचा त्रास सूज उतरल्यावर आधी कमी होईल. पायाला काही महिने द्या. नसेचा धागा तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणून पायाच्या टोकाला सगळ्यात उशीर. नसा जाग्या होताना मध्येच मुंग्या वाढल्यासारख्याही वाटतात, तेवढ्यावरून औषध बंद करू नका. आजार फार जुना असेल तर थोडा बधिरपणा मागे राहू शकतो. आईचा सौम्य आहे, मला आशा आहे.

मात्र अशक्तपणा दोन-चार दिवसांत पायांतून वर चढायला लागला, लघवीवरचा ताबा गेला, किंवा एकाच बाजूचा चेहरा-हात अचानक बधिर झाला, तर ते थायरॉईड नव्हे. सरळ इमर्जन्सीत जायचं, मेडिकल असो की जवळचा कुठलाही दवाखाना.

खामला_चौक
लिहून फ्रीजवर लावते. एक शेवटचं, आई संकष्टी आणि एकादशी कडक करते, पाणीसुद्धा घेत नाही. त्या दिवशी गोळी चुकली तर?

नस_आणि_नाडी
या हार्मोनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एखादा दिवस चुकल्यानं काही बिघडत नाही. पण घोटभर पाण्यासोबत औषध घेतल्यानं उपवास मोडत नाही असं आईंना माझ्याकडून सांगा. सवय तुटू नये हे जास्त महत्त्वाचं.

पट्टी_आणि_व्यायाम
पट्टी घेताना मनगटाचा घेर टेपनं मोजून न्या, आणि उजव्या हाताचीच मागा. दुकानात घालून मूठ वळवून पाहू द्या. बोटं तळहाताला टेकायला हवीत, नाहीतर पट्टी फार पुढे आलेली आहे. पहिले काही दिवस अवघडल्यासारखं वाटेल, तरी आईला रात्रभर ठेवायला सांगा.